सटीप संदर्भसूची कशी करतात? (१९७२ चा दुष्काळ, बीड जिल्हा)

केजची विद्यार्थिनी

नमस्कार. एमए इतिहास, दुसरं वर्ष. प्रकल्पाचा विषय ‘१९७२-७३ चा दुष्काळ आणि बीड जिल्ह्यातली दुष्काळी कामं’. गाईड सरांनी सांगितलंय की लेखनाला हात लावायच्या आधी २० नोंदींची सटीप संदर्भसूची दाखवा, प्रत्येक नोंदीखाली साधारण १५० शब्दांचं टिपण. मुदत पाच आठवडे.

नुसती संदर्भसूची येते, टिपण कसं लिहायचं ते कळेना. पुस्तकं सगळी पूर्ण वाचायची का? सरकारी अहवाल आणि जुनी वर्तमानपत्रं यांची नोंद कशी करायची? मराठी-इंग्रजी एकाच यादीत चालतं का? एक टिपण करून बघितलंय, लाडेजिन्स्की यांच्या १९७३ च्या लेखाचं:

‘या लेखात लेखकाने महाराष्ट्रातील भीषण दुष्काळाची सविस्तर माहिती दिली आहे. दुष्काळामुळे लोकांचे कसे हाल झाले याचे वर्णन केले आहे. लेख अत्यंत माहितीपूर्ण असून माझ्या संशोधनासाठी उपयुक्त आहे.’

सर म्हणाले, हे टिपण नाही. का नाही, ते सांगाल का?

---

बालाघाट

ताई, तुमचं टिपण दुष्काळावरच्या कुठल्याही लेखाखाली चिकटवा, बसतं. सरांचा आक्षेप तोच असणार. टिपण असं हवं की ते त्याच नोंदीखाली बसेल, दुसऱ्या कुठल्याही नाही.

पुस्तकाचा सारांश म्हणजे टिपण नव्हे. तुमच्या प्रश्नासमोर हा संदर्भ कुठं उभा आहे, ते सांगायचं असतं. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कशाच्या आधारावर लिहिलं, मुख्य म्हणणं काय, कोणत्या गोष्टीबद्दल हा संदर्भ काहीच सांगू शकत नाही, आणि तुम्ही तो कोणत्या प्रकरणात कशासाठी वापरणार. एवढं सगळं १५० शब्दांत बसवायचं तर सारांशाला चाळीस-पन्नास शब्दांच्या वर जागा उरत नाही.

तुमच्याच लेखाचं उदाहरण घेऊ. वोल्फ लाडेजिन्स्की यांचा हा लेख ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या १७ फेब्रुवारी १९७३ च्या अंकात आला. खंड ८, अंक ७, पान ३८३ पासून ३९६ पर्यंत. या तारखेकडे नीट बघा. दुष्काळी कामांवरची मजुरांची संख्या सगळ्यात वर गेली ती मे १९७३ मध्ये, राज्यभर मिळून ५० लाखांच्या आसपास. म्हणजे हा लेख छापला गेला तेव्हा खरा उन्हाळा पुढंच होता. फेब्रुवारीतल्या माणसाने मे महिन्याबद्दल काय सांगावं? टिपणातली मर्यादा ही अशी शोधायची असते. ‘लेखात काही त्रुटी आहेत’ या वाक्याने काहीच कळत नाही.

मी असं लिहीन:

‘लेखक जमीन-सुधारणांचे अभ्यासक; त्या काळी जागतिक बँकेसाठी दिल्लीत काम करत होते. दुष्काळी भागाचा दौरा करून, दुष्काळ चालू असतानाच लिहिलेला हा लेख आहे. पीक, पाणी आणि सरकारी कामं यांची १९७३ च्या सुरुवातीची स्थिती बाहेरच्या, अनुभवी नजरेनं टिपलेली आहे, हे त्याचं मोल. लेख फेब्रुवारीतला असल्याने मे १९७३ मधली कामांची वाढ, उन्हाळ्यातली टंचाई आणि त्यानंतरचा पावसाळा त्यात येणं शक्य नाही. निरीक्षणं दौऱ्यातली आहेत. त्यावरून बीड जिल्ह्याचे आकडे काढता येणार नाहीत. प्रकरण २ मध्ये दुष्काळाच्या मधल्या टप्प्याचं समकालीन चित्र देण्यासाठी वापरणार. कामांच्या परिणामांसाठी अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांच्या नंतरच्या अभ्यासासोबत वाचावा.’

शब्द मोजा, शंभरीच्या आत आहे. उरलेल्या जागेत तुमच्या कामाचे एक-दोन मुद्दे पान क्रमांकासह घाला. कुठलंही वाक्य जसंच्या तसं उचललं तर अवतरणचिन्ह आणि पान क्रमांक तिथंच टाका. नंतर टाकू म्हटलं की ते पान पुन्हा हाती लागत नाही.

शेवटचं वाक्य सोडू नका. एका नोंदीला दुसरीशी जोडणारं एक तरी वाक्य प्रत्येक टिपणात हवं: हा त्याच्याशी सहमत आहे, हा त्याच आकड्यांवरून वेगळा निष्कर्ष काढतो, याने सोडलेली जागा तो भरतो. वीस टिपणांतली अशी वीस वाक्यं एकाखाली एक मांडली की तुमच्या पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचा सांगाडा हातात येतो. सर लेखनाच्या आधी सूची मागतायत ती याचसाठी.

पूर्ण वाचायचं का? लेख पूर्ण वाचा, दोनदा. पुस्तकाचं आधी शीर्षकपृष्ठ आणि त्याची मागची बाजू, मग अनुक्रमणिका, प्रस्तावना, शेवटचं प्रकरण. त्यानंतर पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीत ‘बीड’, ‘मजुरी’, ‘पाझर तलाव’, ‘खडी’, ‘सुकडी’ असे तुमचे शब्द शोधायचे आणि तेवढीच पानं बारकाईनं वाचायची. मराठी पुस्तकांना मागे सूची बहुधा नसते, तिथं अनुक्रमणिकेवरून प्रकरण धरावं लागतं. आणि जेवढं वाचलं तेवढंच टिपणात लिहा: ‘प्रकरण ३ व ५ वाचले’. अर्धं वाचून पूर्ण पुस्तकावर मत दिलं की तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला अडकायला होतं.

हिशेब असा धरा. एका नोंदीला शोध, वाचन, टिपण मिळून दोन ते अडीच तास. वीस नोंदींना पन्नास तास. पहिला आठवडा फक्त शोधाशोधीचा. त्यात चाळीसेक नावं जमवा आणि त्यातली वीस ठेवा. पुढचे तीन आठवडे आठवड्याला सात टिपणं. शेवटचा आठवडा नोंदी तपासायला. हा शेवटचा आठवडा बहुतेक जण धरतच नाहीत.

---

ग्रंथपाल, परभणी

वरचं उत्तर टिपणापुरतं उत्तम आहे. मी नोंदीबद्दल लिहितो, कारण नोंद चुकली तर खालचं टिपण कितीही चांगलं असो, वाचणाऱ्याला तो संदर्भ सापडतच नाही.

माहिती मुखपृष्ठावरून घेऊ नका. शीर्षकपृष्ठ आणि त्याची पाठ, एवढं प्रमाण. मुखपृष्ठावर उपशीर्षक गाळलेलं असतं, कधी लेखकाचं नावच वेगळ्या रूपात असतं. पाठीवर ‘दुसरी आवृत्ती’ आहे की ‘पुनर्मुद्रण’, ते बघा. आवृत्तीत मजकूर बदललेला असतो, म्हणून आवृत्तीचं वर्ष द्यायचं; नुसतं पुनर्मुद्रण असेल तर मूळ आवृत्तीचं वर्ष महत्त्वाचं. वर्ष छापलेलंच नसेल तर ‘प्रकाशनवर्ष नाही’ असं लिहा आणि प्रस्तावनेखालची तारीख टिपणात द्या. जुन्या मराठी पुस्तकांवर शके असतं, त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतं; वर्षाअखेरच्या महिन्यांत, म्हणजे जानेवारी ते मार्चच्या सुमारास, ७९. निजामाच्या काळातल्या अहवालांवर फसली सन (महसुली वर्षगणना) असतो, त्यात ५९० मिळवायचे. हैदराबाद संस्थानात ते वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. तुमचा विषय १९७२ चा आहे, पार्श्वभूमीच्या प्रकरणापुरतंच हे लागेल.

सरकारी अहवालाचा लेखक म्हणजे शासन. ‘दांडेकर समिती’ हे बोलण्यातलं नाव. यादीत नोंद ‘महाराष्ट्र शासन, नियोजन विभाग’ या नावाखाली जाईल, १९८४, प्रादेशिक असमतोलाच्या सत्यशोधन समितीचा अहवाल. अध्यक्षांचं नाव टिपणात द्या. नाहीतर एकच अहवाल ‘दांडेकर’ म्हणून एकदा आणि ‘महाराष्ट्र शासन’ म्हणून एकदा, असा दोनदा यादीत येतो, आणि वीसच्या प्रत्यक्षात एकोणीस नोंदी भरतात.

आता शोधाचं. ‘बीड’ म्हणून शोधाल तर निम्मं साहित्य निसटेल. रोमन लिपीतल्या जुन्या सरकारी प्रकाशनांत हा जिल्हा ‘भीर’ आहे: बी, एच, आय, आर. १९६९ चं जिल्हा गॅझेटिअर (जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ) याच नावाचं, १९७१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिकाही याच नावाची. तालुक्यांचंही तेच. माजलगाव तिथं ‘मांजलेगाव’ आहे, केज ‘कैज’, अंबाजोगाई ‘अंबेजोगाई’. निजामाच्या काळातल्या कागदांत अंबाजोगाई शोधायची तर ‘मोमिनाबाद’ बघा.

शेजारचे जिल्हे तुलनेला घेणार असाल तर हद्दी लक्षात ठेवा. १९७२ मध्ये लातूर जिल्हा नव्हता, तो १९८२ मध्ये उस्मानाबादेतून झाला. जालना १९८१ चा, हिंगोली १९९९ चा, परभणीतून. ‘१९७२ मध्ये लातूर जिल्ह्यात एवढे मजूर’ असं वाक्य कुठल्याही संदर्भात आलं तर लेखकाने तालुक्यांची बेरीज केलीय की अंदाज, ते टिपणात विचारा. नावं बदलली ती आणखी वेगळी: जुन्या प्रकाशनाच्या नोंदीत ‘औरंगाबाद’, ‘उस्मानाबाद’ जसंच्या तसं ठेवायचं, मजकुरात मात्र छत्रपती संभाजीनगर, धाराशिव लिहायला हरकत नाही. छापलेलं शीर्षक बदलायचा अधिकार आपल्याला नाही.

वर्तमानपत्रांबद्दल दोन गोष्टी. एक, प्रत्येक बातमी म्हणजे स्वतंत्र नोंद नव्हे. फायलीची एकच नोंद करा, कालावधीसह: ‘दैनिक मराठवाडा, ऑगस्ट १९७२ ते जून १९७३’. टिपणात कुठल्या ग्रंथालयातली फाईल पाहिली, किती अंक गहाळ होते, बातमीदारी मुख्यतः कुठल्या तालुक्यांची आहे, ते द्या. बातम्या तळटिपांत जातील. दुसरं, त्या काळी ते वर्तमानपत्र तुमच्या भागात होतं का, ते आधी बघा. ‘लोकमत’ची औरंगाबाद आवृत्ती १९८२ ची आहे. बहात्तरच्या बातम्या तिच्यात शोधण्यात दिवस जायला नको.

मोबाईलवर बातमीचा फोटो काढताना पहिला फोटो अंकाच्या माथ्याचा, तारीख आणि पान दिसेल असा, आणि मगच बातमीचा. शंभर फोटो काढून घरी गेल्यावर बातमी कोणत्या दिवसाची हे कळायला दुसरा मार्ग नाही. बांधीव फाईल पाठीकडून दाबून उघडू नका; तो कागद आता पापडासारखा मोडतो.

पुस्तकाच्या प्रत्येक नोंदीशेजारी, फक्त तुमच्या वहीत, ग्रंथालयाचं नाव आणि दाखल क्रमांक लिहून ठेवा. सूचीत तो छापायचा नाही. पण पान क्रमांक तपासायला परत जाल तेव्हा तीच प्रत हाती यायला हवी.

---

केजची विद्यार्थिनी

खूप आभार सर, बहुतेक गोंधळ गेला. दोन शंका राहिल्या. मराठी-इंग्रजी यादी एकत्र करू का? आणि हे सगळं झोटेरोत (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) ठेवू की कार्डांवर? आमच्या बॅचमधले काही जण शोधगंगेवरून (प्रबंधांच्या संकेतस्थळावरून) थेट कॉपी करायलेत, पण माझ्याकडं पेस्ट केलं की अक्षरं भलतीच येतात.

---

गोदाकाठ, नांदेड

अक्षरं भलतीच येतात कारण तो प्रबंध श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाईप केलेला असतो. डोळ्याला मराठी दिसतं, आत साठवलेली अक्षरं रोमन असतात. म्हणूनच अशा पीडीएफमध्ये ‘दुष्काळ’ असं शोधलं तरी काही सापडत नाही. तिथं शोध-खिडकीवर विसंबू नका, अनुक्रमणिकेवरून प्रकरण उघडा. शोधगंगेवर प्रकरणं बहुधा वेगवेगळ्या फायलींत असतात; संदर्भग्रंथांची शेवटची फाईल सगळ्यात आधी उतरवा. चाळीस नावं जमवायला तिच्यासारखी जागा नाही. मात्र त्या यादीतल्या चुकाही तुमच्याकडं येतील, म्हणून प्रत्यक्ष पुस्तक किंवा ग्रंथालयाचा कॅटलॉग बघितल्याशिवाय एकही नोंद तशीच उचलू नका.

कॉपीबद्दल स्पष्ट सांगतो. साहित्यचौर्य तपासताना संदर्भसूची वगळतात, म्हणून टिपणंही वगळली जातील असं समजू नका. टिपण हा तुमचा मजकूर आहे. प्रबंधाचा गोषवारा तिथं डकवला तर तो चोरीतच मोजला जाईल. चॅटजीपीटीसारख्या साधनाकडून ‘मराठवाड्यातल्या दुष्काळावरची पुस्तकं सांग’ म्हणून यादी घेतली तर त्यात लेखक खरा, प्रकाशक खरा, आणि पुस्तक अस्तित्वातच नाही, अशा नोंदी येतात. वाचताना त्या अगदी खऱ्या वाटतात. गाईडनी एक जरी पकडली तरी उरलेल्या एकोणीस नोंदींवरचा विश्वास जातो.

झोटेरो वापरा, फुकट आहे. वीस नोंदींना थोडा जास्तच वाटेल, पण प्रबंधात सत्तर होतील तेव्हा कामाला येतो. लेखकाचं आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत भरा. शासनाचं नाव मात्र एकाच रकान्यात सलग भरा, नाहीतर ‘शासन, महाराष्ट्र’ असं छापून येतं. वेबवरून एका क्लिकवर उचललेली नोंद कधीही तशीच ठेवू नका. ‘वीकली’चे जुने लेख जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहात आहेत, तिथं पान क्रमांक अधिकचं चिन्ह देऊन तुकड्या-तुकड्यांत दिसतात, कारण मधली पानं जाहिरातींची असतात. तुमची शैली काय मागते ते बघून ते हातानं सरळ करा.

टिपण कुठं लिहायचं? एपीए आणि शिकागो या संदर्भ लिहिण्याच्या पद्धतींत सटीप सूचीसाठी वेगळ्या शैली झोटेरोच्या संग्रहात मिळतात. त्यात ‘एक्स्ट्रा’ रकान्यातला मजकूर नोंदीखाली छापला जातो. आधी एकाच नोंदीवर करून बघा, जमलं तरच वीस भरा. नाही जमलं तर टिपण वर्डमध्येच लिहा, नोंद झोटेरोची घ्या. फार धडपड करण्यासारखी ती बाब नाही.

यादी एकत्र करावी असं मला वाटतं. विषय एक, वाचणारा एक. रोमन लिपीतली नावं मराठी उच्चाराप्रमाणे आपापल्या अक्षराखाली लावली की झालं.

---

ग्रंथपाल, परभणी

यादी एकत्र करण्याला माझा विरोध आहे. ‘ब्रह्मे’ हे नाव इंग्रजी पुस्तकावर रोमन लिपीत आणि मराठी लेखावर देवनागरीत येतं. एका यादीत लावायचं तर एका लिपीतून दुसरीत प्रत्येक नाव तुम्हाला लिहावं लागणार, आणि परदेशी नावांचे उच्चार जो तो वेगळे लिहितो. द्रेझ हे ‘द’खाली की ‘ड’खाली? आपल्याकडची रीत आधी मराठी, मग इंग्रजी, आणि त्याआधी प्राथमिक साधनं वेगळी, अशी आहे. सुलभा ब्रह्मे यांचा १९७२ च्या दुष्काळावरचा आणि सिंचन नियोजनावरचा गोखले संस्थेचा ग्रंथ, १९८३, इंग्रजीत जाईल. शोधणारा तिथंच बघेल. पण शेवटी विभागाची नियमावली काय म्हणते ते गाईडना विचारा, त्यांचा शब्द अंतिम.

मराठी यादीचा क्रम संगणकाकडून लावून घेतलात तर नंतर डोळ्यांनी तपासाच. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच मागे येतो, ‘क्ष’ हा ‘क’मध्ये जातो आणि ‘ज्ञ’ हा ‘ज’मध्ये. आपल्या वर्णमालेत ही तिन्ही शेवटी आहेत. ‘क्षीरसागर’ आडनाव ‘कुलकर्णी’नंतर लगेच दिसलं तर समजा, क्रम यंत्राचा आहे.

---

बालाघाट

यादीच्या बाबतीत ग्रंथपालांशी सहमत.

वीसमधला वाटा कसा धराल, ते सांगतो. सहा-सात प्राथमिक: अहवाल, जनगणना, विधानसभेतल्या चर्चा, वर्तमानपत्राची फाईल. बाकी ग्रंथ, लेख आणि दोन-तीन प्रबंध. कामांवर गेलेल्या वृद्ध मजुरांच्या मुलाखती घेणार असाल तर त्या या वीसात धरू नका, स्वतंत्र यादी करा. त्यांच्या टिपणात गाव, मुलाखतीची तारीख, १९७२ मधलं वय आणि काम कोणतं (खडी, रस्ता, नालाबांध, तलाव) एवढं असलं की पुरे.

रोजगार हमीवरच्या संदर्भांत तीन वर्षं सतत एकमेकांत मिसळलेली दिसतील. योजना राज्यभर १९७२ ची, कायदा मंजूर १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. लेखक ‘रोजगार हमी’ म्हणतो तेव्हा या तिघांतलं काय म्हणतोय, ते टिपणात नोंदवा. शिवाय बहात्तर-त्र्याहत्तरची बहुतेक कामं दुष्काळ निवारणाची म्हणून काढलेली होती, हमी योजनेची म्हणून नव्हे. हा फरक पुसणारे संदर्भ वीसात निदान चार सापडतील, आणि तुमच्या प्रकल्पाचा खरा मुद्दा कदाचित तिथंच असेल.

---

केजची विद्यार्थिनी

एक नोंद नव्यानं केली, बघाल का?

‘महाराष्ट्र शासन, गॅझेटिअर विभाग. महाराष्ट्र राज्य गॅझेटिअर: बीड जिल्हा. मुंबई, १९६९. — १९६९ चं असल्याने १९७२ च्या दुष्काळाबद्दल यात काही नाही. दुष्काळाआधीचा जिल्हा कसा होता, यासाठी उपयोग. शेती, सिंचन आणि दळणवळण ही प्रकरणं वाचली. जिल्ह्याची तयारी किती होती हे यातून मांडता येईल, पण लेखन शासनाचं असल्याने योजनांचं वर्णन जास्त आणि त्यांच्या अपयशाचं कमी असणार, हे धरून वाचलं. लोकसंख्येच्या आकड्यांसाठी प्रकरण १ मध्ये वापरणार.’

---

ग्रंथपाल, परभणी

टिपण आता त्याच नोंदीचं झालं. दोन दुरुस्त्या. प्रत इंग्रजी असेल तर नोंद इंग्रजी यादीत, रोमन लिपीत, आणि शीर्षकात ‘बीड’ नको, छापलंय तसं ‘भीर’. दुसरी, गॅझेटिअरमधले लोकसंख्येचे आकडे १९६१ च्या जनगणनेचे आहेत. दुष्काळाच्या उंबरठ्यावरची लोकसंख्या हवी असेल तर १९७१ ची जिल्हा पुस्तिका घ्या, आणि शेवटच्या वाक्यात ‘लोकसंख्या’च्या जागी ‘सिंचन व रस्ते’ करा. त्या पुस्तिकेची नोंद करताना जनगणनेचं वर्ष १९७१ आणि प्रकाशनाचं वर्ष वेगळं असतं, दोन्ही लिहा.